‘गार्ड’ हा शब्द गडावरून आलेला नाही

शिवजयंती जवळ आली की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. म्हणे, गडाची राखण करते ती गारद, आणि तिचंच इंग्रजांनी ‘गार्ड’ केलं. पुराव्याला शिवगारद, गारदी आणि ‘संघ ९० धावांत गारद’ ही तीन उदाहरणं असतात. महाराजांच्या नावाने चुकीची व्युत्पत्ती फिरावी हे आम्हाला खटकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘इंग्रजांनी हा शब्द इथून नेला.’ काळच जुळत नाही. इंग्रजी लिखाणात ‘गार्ड’ पंधराव्या शतकापासून आहे. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० मध्ये. इंग्रजीने तो फ्रेंच ‘गार्द’वरून घेतला आणि फ्रेंचमध्ये तो फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतून आला. तिथलं मूळ क्रियापद ‘वार्दोन’, म्हणजे लक्ष ठेवणे, राखणे.

मग ‘व’चा ‘ग’ कसा झाला? इथे एका शब्दाने काही सिद्ध होत नाही, जोड्यांची रांग लागावी लागते. ती लागते: विल्यम आणि त्याचं फ्रेंच रूप गियोम, वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांच्या बोलीत ‘व’ टिकून होता, पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘ग’ झाला होता. इंग्रजीने दोन्हीकडून उचल केली, त्यामुळे एकाच मुळाचे दोन-दोन शब्द तिच्यात नांदतात. महापालिकेचा ‘वॉर्ड’ आणि गेटवरचा ‘गार्ड’ मुळात एकच. ‘लॉर्ड’मध्येही हाच वॉर्ड दडलाय: जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफवेअर्ड’, भाकरीचा राखणदार.

‘गड’पासून ‘गारद’ व्हायचं तर मध्ये ‘र’ घुसायला हवा आणि ‘ड’चा ‘द’ व्हायला हवा. असा बदल झालेला दुसरा एक तरी मराठी शब्द मजकुरात दाखवलेला नाही. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस पाहत. राखणीचे शब्द होते पहारा, चौकी, मेट (गडाच्या वाटेवरचं पहाऱ्याचं ठाणं).

‘गारदी हा तर मराठेशाहीचाच शब्द.’ मराठेशाहीचा आहे, पण अठराव्या शतकातला, आणि तो उलट्या वाटेने, म्हणजे युरोपातून इकडे आला. युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेले बंदूकधारी शिपाई ते गारदी. पानिपतावर १७६१ मध्ये लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ मध्ये गारद्यांनीच केला. पोर्तुगीजमध्येही ‘ग्वार्दा’ आहेच. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. युरोपातल्या या शब्दाशी आपली गाठ पडायला इंग्रजांची वाट पाहायची गरज नव्हती.

धावांत ‘गारद’ होणारा संघ? त्याचा राखणीशी काही संबंध नाही. तो फारसी-अरबी ‘ग़ारत’, म्हणजे लूट, नाश. उच्चार जुळला म्हणून दोन वेगळे शब्द एका माळेत ओवले गेलेत.

‘संस्कृत वर्म, म्हणजे चिलखत, हेच मूळ.’ हा मुद्दा इतर मुद्द्यांपेक्षा बरा आहे. ‘वर्म’ झाकणे या अर्थाच्या मुळाचं, ‘गार्ड’ लक्ष ठेवणे या अर्थाच्या. दोन्ही मुळं आद्य-इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या समान पूर्वज भाषेतली, दिसायला सारखी, पण कोशकार ती वेगळी धरतात. आणि खुद्द ‘वर्म’ संस्कृतातून युरोपात गेलं, असं तर कुणीच दाखवलेलं नाही.

शेवटचा दावा, ‘गार्ड म्हणजे फक्त पहारेकरी’. टीटीसी (नवी मुंबईतली औद्योगिक वसाहत) किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पट्टा-पुलीवर बसवलेली जाळीही गार्डच. फिरत्या भागांना असं कुंपण असलंच पाहिजे, असं कारखाने अधिनियम १९४८चं कलम २१ सांगतं. फलंदाज यष्टीसमोर गार्ड घेतो. रेल्वेचा गार्ड आला इंग्लंडच्या टपालगाड्यांवरून, जिथे तो बंदूक घेऊन टपाल राखायचा. त्याचं राखणं रेल्वेत नावापुरतं उरलं नाही. अ‍ॅब्सोल्यूट ब्लॉकच्या (रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडण्याच्या पद्धतीच्या) ब्रॉडगेज मार्गावर गाडी मध्येच अडली की मागून येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी त्याने मागे चालत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन डिटोनेटर (चाकाखाली आले की मोठा आवाज करून इशारा देणारे फटाके) रुळावर लावायचे असतात. जानेवारी २०२२ मध्ये पदाचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झालं, पण हे काम अजून त्याच्याकडेच आहे.