साजूक तुपाची हौस असलेल्या कॅनडावासीयांसाठी काही सूचना

कॅनडात नव्याने येऊन पोचला असाल तर अभिनंदन. हवा स्वच्छ आहे, दवाखान्यात पैसे मागत नाहीत (नंबर लागला तर), शेजारी हसून बोलतात. राहता राहिलं दूधदुभतं. त्यावरून उठसूट कुरकुर करणं बरं दिसत नाही, म्हणून इथे बरीच वर्षं काढलेल्या बाईचं जरा ऐका.

पहिलं म्हणजे, किंमत वाचू नका. अनसॉल्टेड बटर उचला, ट्रॉलीत टाका, चालू लागा. किंमत वाचणारा थांबतो, थांबला की हिशेब करतो, आणि हिशेब करणाऱ्याच्या घशाखाली या देशात पनीर उतरत नाही.

ऑन्टारियोत दूध पिशवीत मिळतं. तेवढ्यापुरती घरची आठवण काढून घ्या.

ओट्यावर रात्रभर ठेवूनही बटर मऊ का होत नाही, असंही विचारू नका. २०२१ च्या सुरुवातीला अख्ख्या देशाने विचारून झालंय. गाईंच्या खाद्यात पामतेलाची चरबी जाते म्हणून, अशी बोंब उठली. शेवटी शेतकऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेलाच सांगावं लागलं की बाबांनो, तूर्तास ते घालू नका.

आता व्यवस्था समजून घ्या, म्हणजे तिच्याबद्दल आदर वाटेल. आपल्याकडे गाय पाळायला गोठा, वैरण आणि पहाटे उठायची तयारी पुरते. इथे तेवढ्याने भागत नाही. दूध विकायचा हक्क आधी विकत घ्यावा लागतो, त्याला कोटा म्हणतात. तो मोजतात दिवसाला किती किलो फॅट, या हिशेबाने. ऑन्टारियोत या एका किलोच्या हक्काची कमाल किंमत आहे २४,००० डॉलर, आणि एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक गाय. खुद्द गाईचे पैसे वेगळे. त्या मानाने गाय फुकटच पडते म्हणायची.

गंमत अशी की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा कोटा वाटला, तेव्हा त्याला एक सेंटही पडला नव्हता. जो जेवढं दूध घालत होता, त्याला साधारण तेवढा मिळाला. आज शंभर गाईंचा गोठा म्हणजे चोवीस लाख डॉलरचा नुसता कागद, आणि त्या कागदावर बँक कर्ज देते. वर कॅनेडियन डेअरी कमिशन ही सरकारी संस्था उत्पादनखर्च आणि महागाई बघून दुधाचा भाव ठरवतं. बाहेरचा माल येऊ नये म्हणून सरहद्दीवर शुल्काची भिंत. बंदोबस्त कसा चोख हवा.

हे सगळं छोटा शेतकरी वाचावा म्हणून आहे, असं कुणी म्हणालं की मान डोलवा. १९७१ च्या सुमारास देशात दुधाचे १,४५,००० गोठे होते, आज दहा हजारांच्या आत आहेत.

कोट्याबाहेरच्या, म्हणजे विकायचा हक्क नसलेल्या, दुधाबद्दल हळवं होऊ नका. २०२३ मध्ये एका शेतकऱ्याने दूध ओतून देतानाचा व्हिडिओ टाकला, दोन दिवस लोक हळहळले, तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि विषय संपला. माझे चुलत दीर संगमनेरकडे गाई पाळतात, त्यांना मी तो पाठवला. म्हणाले, "वहिनी, ओतायचं तर आम्हीपण ओततो की. २०१८ च्या आंदोलनात रस्त्यावर ओतलं. पण तुमच्याकडं ओतून वर गाडी नवी दिसती." त्यांना उद्या कुणी असा कोटा आणि असा बांधील भाव दिला तर ते दोन्ही हातांनी घेतील, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. इथल्या शेतकऱ्यालाही ठेवत नाही. तो पहाटे उठतोच, आणि नियम काही त्याने एकट्याने केलेले नाहीत.

सरहद्दीपलीकडे अमेरिकेत बफेलोला गेलात तर तिथल्या दुकानातलं बटर बघू नका. हे फार महत्त्वाचं. गौरी-गणपतीच्या आधी मी बघितलं. घरी मोदक, पुरणपोळ्या, प्रसादाला मंडळाची माणसं. तुपाची धार आखडती घेऊन कसं चालेल? कॅनडात परत येताना नियम आहे माणशी वीस डॉलरच्या दुग्धजन्य मालाचा. आम्ही दोघं, म्हणजे चाळीस. मी जास्तीचं घेतलं आणि लपवलं नाही. पावती हातात धरूनच गाडीची काच खाली केली. बंदूक आहे का, दारू आहे का, दहा हजारांच्या वर रोकड आहे का, हे त्या अधिकाऱ्याने एका दमात उरकलं. बटर म्हटल्यावर मात्र पेन खाली ठेवलं आणि आम्हाला आत बोलावलं. टेबलावर पुठ्ठ्याचे डबे ओळीने मांडले, एकेकावरचं वजन वाचून लिहून घेतलं. एवढं कशाला लागतं म्हणे. तूप करायला. म्हणजे काय? मग आमचे हे त्याला समजावत बसले: मंद आचेवर ठेवायचं, फेस येतो, तो खाली बसतो, बेरी बदामी झाली की गॅस बंद. मागे रांग वाढत होती. अधिकारी अत्यंत नम्र. नम्रपणेच म्हणाला, मर्यादेवरच्या मालावर २९८.५ टक्के.

२९८.५! तीनशे म्हटलं असतं तर लोकांना अन्याय वाटला असता, म्हणून दीड टक्का सोडला असणार. चीजवर २४५.५, दुधावर २४१. हे आकडे कुठल्या खोलीत बसून काढले, आणि तो अर्धा टक्का कुणाच्या आग्रहाखातर ठेवला, हे मला एकदा बघायचंय. दहा डॉलरच्या बटरवर जवळजवळ तीस डॉलर भरायचे! मी काय चरस आणला होता? कुणाचा गोठा बुडवायला निघाले होते? जास्तीचे डबे तिथेच टेबलावर सोडले आणि घरी येऊन दुकानातून तेच बटर इथल्या भावाने आणलं. म्हणजे व्यवस्थेने तिचं काम केलं. तक्रार कसली?

तर ते असो. भरपाईची कला मात्र शिकून घ्या. काहीतरी गमावल्याशिवाय भरपाई मिळत नाही, हा आपला भाबडा समज. आधी व्यापार करारात युरोपचं थोडं चीज आत येऊ दिलं. मग पॅसिफिकच्या करारात बाजारातले सव्वातीन टक्के, मग अमेरिकेच्या करारात ३.६ टक्के. पहिल्या दोन्हींपोटी २०१९ मध्ये दूधवाल्यांना १७५ कोटी डॉलर जाहीर झाले. ८० गाईंच्या गोठ्याला पहिल्याच वर्षी २८,००० डॉलर. अमेरिकेच्या करारापोटी २०२२ मध्ये आणखी १२० कोटी. ज्याचा कोटा मोठा, त्याचा चेक मोठा. आणि कोटा? जागच्या जागी. भिंत? जागच्या जागी. म्हणजे भरपाई देऊन झाली, मोडायचं तेवढं राहून गेलं!

जिज्ञासूंसाठी थोडं गणित. देशात दुभत्या गाई दहा लाखांच्या आसपास. ही व्यवस्था मोडायला सरकारने सगळा कोटा विकत घ्यायचा म्हटला, तर गाईमागे २४,००० धरून २,४०० कोटी डॉलर. (पश्चिमेकडच्या प्रांतांत तो याहून महाग आहे, पण तिकडे गाई कमी.) लोकसंख्या चार कोटींच्या वर. माणशी साधारण सहाशे डॉलर, आयुष्यात एकदा, आणि तेही आठ-दहा वर्षांत विभागून. बरं, सगळ्यांना सरसकट पूर्ण भाव तरी का द्यायचा? ज्याच्या आजोबांना कोटा फुकट मिळाला, त्या घराने पन्नास वर्षं त्यावर कमावलं. ज्या पोराने परवा कर्ज काढून घेतला, त्याच्या मानगुटीवर बँक आहे. त्या पोराला त्याने भरलेले पैसे पूर्ण द्या, जुन्यांना जितकी वर्षं उपभोगला तितकं कापून द्या. हे ठरवायला समिती लागत नाही, बिलं काढून बघावी लागतात.

ऑस्ट्रेलियाने हे करून दाखवलंय. जुलै २००० मध्ये भावाचं संरक्षण काढलं, दुधावर लिटरमागे ११ सेंटचा अधिभार लावला आणि त्यातून शेतकऱ्यांना आठ वर्षं हप्त्याने पैसे दिले. सगळं गोड झालं नाही, तेही सांगते. गोठे निम्म्याहून कमी उरले, आणि २०११ मध्ये सुपरमार्केटांनी एक डॉलर लिटर दूध लावून उरलेल्यांचं नाक दाबलं. युरोपने ३१ मार्च २०१५ ला कोटा उठवला आणि सप्टेंबरात ५० कोटी युरोची तातडीची मदत काढायची वेळ आली. म्हणून म्हणते, उद्या सकाळी बुलडोझर लावा असं सांगणाऱ्या मुक्त बाजारवाल्यांनीही जरा दमानं घ्यावं. शेतकऱ्याला एक पैसा द्यायचा नाही आणि चार किराणा साखळ्यांच्या हाती त्याची मान द्यायची, याला सुधारणा म्हणत नाहीत.

निवडणुकीला उभे राहणार असाल तर हा विषय काढू नका. खासदार मॅक्सिम बर्निए यांनी काढला. २०१७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं नेतृत्व दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने गेलं. स्वतःच्या बोस मतदारसंघातसुद्धा मागे पडले. जिंकलेल्या अँड्रू शीअर यांनी पुढे पत्रकारांच्या मेजवानीत भर सभेत दुधाचा खोका तोंडाला लावून दाखवला. विनोद होता. सगळे हसले.

आणि जून २०२५ मध्ये तर कायदाच झाला की व्यापार करारात या क्षेत्रात आणखी वाटा देण्याचं किंवा शुल्क कमी करण्याचं आश्वासन मंत्र्याने द्यायचंच नाही. म्हणजे पुढची पिढीही बटर बघून मान वळवणार. शाबास! घरभाडं परवडत नाही, फूड बँकेसमोर रांगा, आणि पार्लमेंटने घाईघाईने कशाचं रक्षण केलं, तर २९८.५ टक्क्यांचं. लाज वाटायला हवी. दूध काय फक्त श्रीमंत पितात? ज्याचा पगार कमी, त्याच्या पगारातला दुधावर जाणारा वाटा मोठा असतो. हा कर त्याच्याच पोरांच्या पेल्यातून वसूल होतोय, फक्त त्याला कर म्हणत नाहीत आणि बजेटात दाखवत नाहीत.

पण त्यांना तरी काय बोलायचं? आपण काय करतो? कोजागिरीला मसाला दूध आटवताना भावावरून गळा काढतो. त्याच कार्यक्रमात खासदार प्रमुख पाहुणे. त्यांना शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची. ते "नमस्कार मंडळी" म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, फोटो ग्रुपवर टाकतो. एक माणूस उभा राहून विचारत नाही. तोंडाला काय कुलूप लागतं तेव्हा? पुढच्या वेळी शाल नंतर द्या. आधी विचारा, कोटा किती वर्षांत मोडणार, कुणाला किती पैसे देणार आणि सुपरमार्केटांना कोण आवरणार. उत्तर देता आलं नाही तर तसंच गाडीपर्यंत पोचवा, दूध न पाजता.