मस्टर्ड गॅस खाणारे जिवाणू आणि डाइंगची टाकी

सध्या सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचा आशय असा आहे: रासायनिक युद्धातला मस्टर्ड गॅस काही तासांत खाऊन टाकणारे जिवाणू सापडले आहेत, त्यामुळे ते अस्त्र निकामी झाले आहे, आणि तेच कल्चर, म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या जिवाणूंचे द्रावण, कापड रंगवण्याच्या, म्हणजे डाइंगच्या, सांडपाण्यात ओतले की त्यातील गंधकाचे विषही नाहीसे होते.

‘खातात’ या शब्दातच घोटाळा आहे. मस्टर्ड गॅस हा वायू नाही, आणि मोहरीशी त्याचे नाते वासापुरतेच; तो साधारण १४ अंश सेल्सियसखाली गोठणारा तेलकट द्रव आहे. जो रेणू माणसाच्या पेशीतील डीएनएला चिकटतो, तो जिवाणूच्या डीएनएलाही सोडत नाही. पाण्यात विरघळल्यावर तो काही मिनिटांत फुटतो हे खरे, परंतु मुळात तो विरघळतोच फार सावकाश, आणि साचलेल्या गोळ्याभोवती चिवट कवच धरल्यामुळे आतला भाग वर्षानुवर्षे तसाच राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्टिक समुद्रात बोर्नहोम बेटाजवळ बुडवलेल्या साठ्यातले असे गोळे कित्येक दशकांनंतरही जाळ्यात येऊन मच्छीमारांना भाजत राहिले. समुद्रात जिवाणूंची वाण होती, असे तर कोणी म्हणणार नाही.

संदेशामागे खरी गोष्ट आहे, पण तिचा क्रम उलटा सांगितला आहे. अमेरिकेत मेरीलँडमधील ॲबर्डीन येथे आणि पुढे कोलोरॅडोतील प्वेब्लो येथे, जिथे सुमारे २,६०० टनांचा साठा २०२३ पर्यंत संपवण्यात आला, हे विष आधी गरम पाण्यात घुसळून फोडले गेले. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थायोडायग्लायकॉल हे तुलनेने सौम्य संयुग तयार होते. आम्ल अल्कलीने मारल्यानंतरच ते पाणी जिवाणूंच्या हवेशीर टाक्यांत सोडले गेले. म्हणजे जिवाणूंच्या पानात वाढले गेले ते थायोडायग्लायकॉल. (कापडावरील छपाईच्या रंगांत द्रावक म्हणून हेच संयुग वापरतात.) जिवाणूंपासून मिळवलेली काही विकरे (एन्झाइम) प्रयोगशाळेत मूळ रेणूतील क्लोरीन थेट तोडतात, हेही मान्य केले पाहिजे, परंतु विकर वेगळे आणि जिवंत कल्चरची बाटली वेगळी.

अस्त्र निकामी झाल्याच्या दाव्याला फार शब्द खर्चण्याची गरज नाही: त्वचेतील इजा काही मिनिटांत सुरू होते आणि फोड काही तासांनी उठतात, तेव्हा टाकीतले जिवाणू त्या माणसाच्या काय उपयोगाचे?

आपल्या शहरासाठी घातक भाग शेवटचा आहे. सल्फर ब्लॅकसारख्या रंगांसोबत वापरले जाणारे सोडियम सल्फाइड आणि मस्टर्ड गॅस यांत गंधक समान आहे, पण रेणू सर्वस्वी भिन्न आहेत, आणि एकावर पोसलेले जिवाणू दुसऱ्यावर चालतीलच असे नाही. शिवाय रिॲक्टिव्ह रंगाईत ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, भरपूर पडते. हवा न मिळणाऱ्या बंद टाकीत सल्फेटवर जगणारे जिवाणू आपोआप वाढतात आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू करतात. सल्फाइडयुक्त पाण्यात आम्ल पडले तर तोच वायू तत्काळ सुटतो. म्हणून कल्चर ओतल्यावर कुजक्या अंड्यांचा वास येईनासा झाला, एवढ्यावरून टाकी साफ झाली असे समजून कोणाला आत उतरवू नये. प्रमाण वाढले की हा वायू आधी नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद करतो.