गॅरंटी नको, नोंदणी क्रमांक विचारा

माझा भाचा अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलाय. काका म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात. वहिनीची मावशी म्हणते, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, म्हणून पोर गोंधळलंय, आता त्याच्याशी फक्त इंग्रजीत बोला. भावानं तर जुळे सोलापुरातल्या एका 'स्पीच क्लास'च्या बोर्डाचा फोटोच टाकला: तीन महिन्यांत बोलण्याची गॅरंटी. शिकवणाऱ्या मॅडमचं शिक्षण काय, एवढंच मी विचारलं. त्यावर काकांचं उत्तर, "तिकडं बसून तुला काय कळतंय इथलं?"

कळतं की. इंग्लंडात, लेस्टरला माझ्या मुलीला हेल्थ व्हिजिटरनं, म्हणजे लहान मुलांची वाढ बघणाऱ्या नर्सनं, स्पीच थेरपिस्टकडं पाठवलं, तेव्हा थेरपिस्टला भेटण्याआधीच मी एचसीपीसी, म्हणजे थेरपिस्टांची नोंदणी ठेवणारी इथली संस्था, तिच्या साइटवर त्या थेरपिस्टचं नाव शोधलं. इथं नोंदणी नसताना स्वतःला स्पीच थेरपिस्ट म्हणवणं गुन्हा आहे, आणि नाव तपासलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही. पण हे काही साहेबाच्या देशाचंच नाही. आपल्याकडं १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. बीएएसएलपी ही ऐकणं आणि बोलणं यांच्या उपचारांची, इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी आहे. ती घेतलेल्याला परिषदेच्या रजिस्टरमध्ये नोंदणी करावी लागते, त्याला सीआरआर नंबर, म्हणजे त्या रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक, मिळतो. विनानोंदणी काम करणाऱ्याला शिक्षा आहे. सोनं घेताना हॉलमार्क बघणारे आम्ही, पोराच्या बोलण्यासाठी मात्र बोर्डावर भुलतो. याचाच मला राग येतो.

आणि थेरपीच्याही आधी कान. टीव्ही लागला की धावत येतो म्हणजे ऐकू येतं, असं नसतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागं पाणी साचून ऐकणं कमी झालेलं असू शकतं. सिव्हिलमध्ये कान-नाक-घसा विभाग आहे, तिथं आधी दाखवा. मग थेरपिस्टला विचारा: मुलाला कुठल्या भाषेत तपासणार? आईला आत बसू देणार का? घरी काय करायचं ते शिकवणार का? गॅरंटी देणाऱ्याकडून सरळ उठून या. आणि तेलुगू बंद करू नका. दोन भाषांमुळं मूल बोलायचं थांबत नाही, हे इथल्या थेरपिस्टनंही मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

त्या भेटीचं अजून एक सांगते. माझी लेक वाक्य मराठीत सुरू करून तेलुगूत संपवायची. फोनवरची दुभाषी मराठीची. ती मध्येच गप्प व्हायची, आणि थेरपिस्ट कागदावर तिथं नुसती रेघ ओढायची. रजिस्टर चोख, थेरपिस्ट प्रेमळ, पण माझ्या पोरीचं अर्धं बोलणं त्या खोलीत कुणालाच कळलं नाही. मी सोलापूरच्या अशोक चौकातली. तिथं भाजीवालीलाही ते वाक्य अख्खं कळलं असतं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही कानावर पडत वाढलेला, पदवी घेतलेला माणूस मिळाला, तर त्याच्यासारखा थेरपिस्ट मला इथं मिळणार नाही. भावाच्या हाताशी ती शक्यता आहे आणि तो गॅरंटीचे बोर्ड बघत फिरतोय, हे मला सहन होत नाही.

काकांना वाटतं मी परदेशाचा तोरा मिरवते. मिरवत असेनही. पण भाच्याची तपासणी ठरली की मी व्हिडिओ कॉलवर असणार, आणि नंबरही मीच विचारणार.