कोजागिरीचे अंदाजपत्रक

आमच्या कन्येचा जन्म २०१४ चा आणि यूपीआय आले २०१६ साली. त्यामुळे पैसा हा फोनमध्ये राहतो आणि काळ्या ठिपक्यांच्या चौकोनासमोर फोन धरला की तो आपोआप बाहेर पडतो, अशी तिची समजूत झाली असल्यास तिला दोष देता येणार नाही. धाकटे चिरंजीव तर त्याहून पुढचे. महिनाअखेरीस ‘पैसे संपले’ असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी ‘मग चार्जिंगला लाव’ असा तोडगा सुचवला. आमच्या वेळी शाळेत संचयिका होती, रुपया-दोन रुपये भरून पुस्तिकेत नोंद करून घेताना आपण कोणीतरी असल्यासारखे वाटायचे, वगैरे मी सांगू लागलो की दोघेही जांभया देतात. म्हणून यंदाची कोजागिरी मुलांनीच ठरलेल्या पैशांत पार पाडायची, असे मी जाहीर केले.

यासाठी कोजागिरीसारखा स्वस्त सण नाही. दिवे चंद्राचे, सभागृह म्हणजे सोसायटीची गच्ची, आणि ‘को जागर्ति’ म्हणत मध्यरात्री फिरणारी पाहुणी साक्षात लक्ष्मी. माणसे सोळा, रक्कम पंधराशे. शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात पैसे ठेवले आणि झाकणावर मी स्वहस्ते दोन नियम चिकटवले. पहिला, डब्याबाहेरचा एक रुपयाही खर्च करायचा नाही. दुसरा, जो करील त्याने तेवढाच दंड डब्यात भरायचा. हा दुसरा नियम लिहिताना माझा हात किंचितही थरथरला नाही, याचे आज आश्चर्य वाटते.

पहिली अडचण डब्यातच होती. एटीएमने पाचशेच्या तीन नोटा दिल्या होत्या आणि पेठेतला एकही वाणी त्या मोडून देईना. “सुट्टे नाहीत, स्कॅन करा,” असे तिसऱ्या दुकानदारानेही सांगितले, तेव्हा ‘बाबा उगीच जुन्या काळातला खेळ शिकवतोय’ असा भाव मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी दोन जुड्या कोथिंबीर घेण्याच्या अटीवर नोट मोडली. त्यामुळे दुधाच्या सणाच्या जमाखर्चात पहिली नोंद ‘कोथिंबीर, तीस रुपये’ अशी पडली.

त्या रात्री कन्येने अंदाजपत्रक मांडले. त्यातली सर्वांत मोठी तरतूद होती ‘आश्विनी, पाचशे’. आमच्याकडे कोजागिरीला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळून काहीतरी नवे देतात, त्याला आश्विनी म्हणतात, आणि थोरले अपत्य ती स्वतःच. अंदाजपत्रक लिहिणाऱ्यानेच स्वतःची तरतूद आधी करून ठेवायची, हे तिला कोणी शिकवले ते मला ठाऊक नाही. चिरंजीवांनी “मी दुसरा जन्मलो यात माझी काय चूक?” म्हणून सभात्याग केला. मी मध्यस्थी करायला गेलो, तर कन्येने थंडपणे विचारले, “बाबा, तूही आजीचा थोरलाच ना? तुला दर वर्षी शर्ट मिळतो, तो जमेत धरायचा का?” अखेर आश्विनी शंभरावर आली आणि माझा शर्ट वाचला.

दुधाच्या बाबतीत मात्र दोघांनी माझ्यावर मात केली. कोजागिरीच्या दिवशी पुण्यात दुधाचा भाव चढतो, गणेश पेठेतल्या दूधभट्टीपासून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत त्या दिवशी सगळ्यांना दुधाची किंमत कळते, हे आजीने सांगितल्यावर त्यांनी चार लिटर म्हशीचे दूध आदल्या संध्याकाळीच आणून तापवून ठेवले. मी चाळिशी ओलांडली, पण ही युक्ती मला कधी सुचली नव्हती.

केशराशी गाठ पडल्यावर गाडी अडली. दुकानदाराने काचेखालची एक ग्रॅमची डबी काढून किंमत सांगितली. चिरंजीवांनी ती डबी हलवून, कानाशी नेऊन, पुन्हा हलवून पाहिली आणि त्यांना आतमध्ये काही आहे याची खात्री पटेना. “एवढ्यात तर अख्खी भेळ होते!” ते म्हणाले, आणि हिशेबाने ते खरेच होते. डबी काचेखाली परत गेली. मग दुधाला रंग कशाने येणार, असे मी विचारले, तर “ते आम्ही बघतो” एवढेच उत्तर मिळाले.

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर सतरंज्या पडल्या. पेले ज्याने त्याने घरून आणायचे होते, कारण कागदी पेल्यांचे पैसे अंदाजपत्रकातून छाटले गेले होते. चारोळीचा भाव पाहून कन्येने प्रत्येक पेल्यात मोजून सहा दाणे टाकले. मेव्हण्यांच्या पेल्यात सातवा निघाला तेव्हा तो त्यांनी परत केला नाही, याची तिने मनात नोंद केली असावी. दूध मात्र सुरेख पिवळे झाले होते. माझ्या आत्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि कौतुकाने विचारले, “केशर कुठलं रे, काश्मीरचं?”

“नाही, सांगलीचं,” चिरंजीव म्हणाले.

सांगलीची बाजारपेठ कशासाठी प्रसिद्ध आहे, हे गच्चीवरच्या सोळांपैकी किमान बारा जणांना ठाऊक होते. काही क्षण कोणीच काही बोलले नाही. आत्याने पेला संपवला आणि सकाळपासून बसलेला घसा मोकळा झाल्याचे सांगितले. हे प्रशस्तिपत्र होते की टोमणा, ते त्या अंधुक चांदण्यात कळायला मार्ग नव्हता.

पुढे हाउजी झाली. पाच रुपयांची बत्तीस तिकिटे चिरंजीवांनी विकली, बक्षिसे शंभराची वाटली आणि उरलेले साठ रुपये डब्यात टाकले. सणासुदीला मुलाला जुगार शिकवतोस का, असे मेव्हण्यांनी मला ऐकवले. पण कोजागिरीच्या व्रतात रात्र द्यूत खेळून जागवावी असे सांगितलेले आहे, हे आईने काढून दाखवल्यावर त्यांनी निमूटपणे आणखी दोन तिकिटे मागितली.

सगळे खरे तर उत्तम चालले होते. परंतु मेव्हणे भेळेच्या परातीकडे पुनःपुन्हा पाहत होते, तिच्यात चुरमुरे उदंड, शेव विरळा आणि कोथिंबीर तर भरमसाट, आणि माझ्या मनातला यजमान अस्वस्थ झाला. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांपुढे मी आजवर कुठलाही हिशेब टिकवू शकलेलो नाही. मी पाण्याच्या टाकीमागे गेलो आणि फोनवरून गुपचूप बत्तीस बटाटेवडे मागवले. वीस मिनिटांनी पिशवी घेऊन आलेल्या मुलाने जिन्यातून माझे नाव खणखणीत आवाजात पुकारले.

वडे पाच मिनिटांत संपले. सर्वांनी मला धन्यवाद दिले. मेव्हण्यांनी तर पाठ थोपटली. फक्त कन्या काही बोलली नाही. तिने पिशवीला लावलेले बिल अलगद सोडवून घडी केले आणि ते खिशात ठेवले.

सकाळी डायनिंग टेबलावर डबा होता आणि शेजारी वहीचे पान. शिल्लक, एकशे बारा रुपये. त्याखाली लाल पेनाने, ‘बाबांकडून येणे, सहाशे चाळीस. नियम दुसरा.’ बायकोने पान वाचले आणि चहा गाळत म्हणाली की नियम तुझ्याच अक्षरात आहेत. मी दिवाळीनंतर देतो म्हटले, हप्ते मागितले, वड्यांतले दोन-दोन तुम्हीही खाल्लेत हे निदर्शनास आणले. काही चालले नाही. शेवटी पाकिटातून पाचशेच्या दोन नोटा काढून ठेवल्या आणि उरलेले परत मागितले.

चिरंजीवांनी दोन्ही नोटा डब्यात टाकून झाकण दाबले.

“सुट्टे नाहीत,” ते म्हणाले. “उरलेले पुढच्या दंडात वळते करू.”