पाच मार्ग लिहूनच काढा : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की टोलच्या गणितात सगळे मार्ग लिहून काढायला सांगणं हा पोरखेळ आहे. डायक्स्ट्राची रीत (सगळे मार्ग न लिहिता कमीत कमी खर्चाचा मार्ग शोधायची) येणाऱ्याला किमान खर्च तोंडी काढता येतो, आणि कॅटमध्ये, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, एवढा वेळ असतो कुणाकडे?

वेळेचं खरं आहे. पण आधी प्रश्न काय विचारलाय ते बघू. प्रश्नांचा सेट कॅट २००६ चा. एसपासून टीपर्यंत एकेरी रस्ते, मध्ये ए, बी, सी, डी हे चौक. इंधनखर्च रुपयांत : एस-ए ९, ए-टी ५, एस-बी २, बी-ए २, बी-सी ३, एस-डी ७, डी-सी १, सी-टी २, डी-टी ६. टोल लागतो चौकात. टोल सोडून बेरजा अशा : एस-ए-टी १४, एस-बी-ए-टी ९, एस-बी-सी-टी ७, एस-डी-सी-टी १०, एस-डी-टी १३. झालं. एवढ्याला कितीसा वेळ लागला?

‘सगळ्यात स्वस्त कुठला’ एवढंच विचारलं असतं तर ७ रुपये म्हणून मोकळे झालो असतो. पण सेटमधली अट अशी, की किमान खर्चाचे मार्ग जितके, तितक्यांत वाहतूक समान वाटली जाते. आता एस-ए, एस-बी, एस-डी या तिन्ही रस्त्यांवर सारखी गर्दी हवी आहे. ए, बी, सी, डीवर अनुक्रमे ०, ५, २, २ टोल लावून बघा. तुमची रीत सांगेल : किमान १४. बरोबरच आहे. तिन्ही रस्त्यांनी १४ मध्ये पोचता येतं, म्हणून पोरं खूश होऊन पर्याय ठोकतात आणि तिथेच आपटतात. कारण १४ चे मार्ग चार आहेत, त्यातले दोन बीतून जातात. निम्मी गर्दी एस-बीवर, बाकी दोन रस्त्यांवर पाव-पाव. आता ०, ५, ४, १ लावा. किमान परत १४च, पण मार्ग तीनच, प्रत्येक रस्त्याला एक. (डायक्स्ट्रात मार्ग मोजायची सोय करता येते, ठाऊक आहे. पाच मार्गांसाठी कशाला तो खटाटोप?)

वेळ वाचवायचाच तर समीकरणांत वाचवा. समजा बी-सी दुरुस्तीसाठी बंद आहे आणि कुठल्याही मार्गाने गेलं तरी सगळ्यांना सारखाच खर्च यायला हवा. एपर्यंत थेट ९, बीवरून ४ अधिक बीचा टोल. पुढचा रस्ता आणि एचा टोल दोघांना सारखाच, म्हणून तो धरायचाच नाही. बीचा टोल ५. तसंच डीपासून टीपर्यंत थेट ६, सीवरून ३ अधिक टोल, म्हणून सीचा ३. उरलं एवढंच, की १४ अधिक एचा टोल बरोबर १३ अधिक डीचा टोल. म्हणजे डीचा टोल एपेक्षा रुपयाने जास्त. ०, ५, ३, १ चालतं आणि १, ५, ३, २ सुद्धा.

बी-सी उघडा ठेवला तर मात्र ही मोकळीक जाते. एस-बी-सी-टीचे ७ अधिक ५ अधिक ३ असे १५ ठरूनच जातात, मग एचा टोल १ आणि डीचा २, दुसरं काही बसत नाही.