घालवायचे आहेत, म्हणून वाढवा

हातांवरचे केस लेझरने घालवायचे असतील तर आधी ते नीट जपावे लागतात. दादरच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, "चार ते सहा आठवडे वॅक्सिंग, प्लकिंग, एपिलेटर, सगळं बंद." लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे रंगद्रव्य, शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि मूळ जळतं. वॅक्सने मूळच उपटलं तर जाळणार काय? पटलं. पण पटणं वेगळं आणि अस्वलासारखे हात घेऊन विरार फास्टमध्ये वरची कडी धरणं वेगळं.

लेडीज डब्यात पुरुष नसतात, याचा काडीचा उपयोग नाही. चौथ्या सीटवर अर्ध्या टेकलेल्या काकूंनी माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश नजर फिरवली आणि म्हणाल्या, "बेसन-हळद लावत जा गं." बोरिवलीपर्यंत त्यांचं प्रमाणही सांगून झालं.

दुसरं पथ्य उन्हाचं. टॅन झालेल्या कातडीत मेलॅनिन वाढतं, मग लेझर केस सोडून कातडीलाच धरतो आणि भाजतं. आपल्या सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात बरा; तो खोल जातो, वरच्या रंगाच्या फारसा नादी लागत नाही. तरी ऊन टाळायचंच. मुंबईत, ऑक्टोबरमध्ये! एसपीएफ ३० सनस्क्रीन घामाबरोबर कोपरावरून ठिबकायला लागलं, तेव्हा पुण्याच्या आतेबहिणीने मायेने सनकोट पाठवला. तिकडे तो घालून बायका स्कूटर चालवतात म्हणे. इथे तो घालून मी स्टेशनचा पूल चढले आणि उतरेपर्यंत शिजले.

लेझरच्या आदल्या दिवशी रेझर फिरवायचा असतो. वरचा केस राहिला तर कातडीवरच जळतो. आई हादरली. "रेझर? दुप्पट दाट येतील!" मी समजावलं, केस आडवा कापला जातो म्हणून टोक बोथट लागतं, संख्या तेवढीच राहते.

"मग बाबांची दाढी?"

पेपरमागून आवाज आला, "ती हार्मोन्सची."

लेझरच्या दिवशी डिओडरंटही नको होतं. मला चालणार होतं, वाईट वाटलं ते सहप्रवाशांचं. शिवाय हे एकदाचं नव्हे. वाढीच्या अवस्थेतलेच केस लेझरला बळी पडतात, बाकीचे त्या वेळी निवांत असतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जायचं आणि मधल्या काळातही वॅक्सिंग बंदच. सनकोट परत करायचा विषय संपला.

एवढं ऐकून आईने हळूच विचारलं, "माझ्या हनुवटीवरचे दोन जातील का गं?"

"ते पांढरे आहेत. मेलॅनिन नाही, लेझरला दिसतच नाहीत."

"तुला बरे दिसले!" म्हणत तिने माझा चिमटा उचलला आणि आरशापाशी गेली.