मुले बरोबर असतील तर कळसूबाईचा बेत कोणाचा?

डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी रात्री बारी गावात पोहोचायचे, दोनच्या सुमारास चढायला लागायचे, कळसूबाईच्या माथ्यावर सूर्योदय पाहायचा आणि या वेळी घरातल्या मुलांनाही बरोबर न्यायचे, असा बेत मास्तरने गंगापूर रोडच्या आमच्या कट्ट्यावर मांडला आणि पहिला चहा संपायच्या आत त्यावर दोन तट पडले. मास्तरचे म्हणणे सरळ होते. नाशिकहून घोटीमार्गे बारी फार लांब नाही, वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत आणि नवरात्रात तर आजूबाजूच्या गावांतली वयस्कर माणसेही देवीच्या दर्शनाला वर चढून जातात. तेव्हा आपल्या मुलांना न जमण्यासारखे त्यात काय आहे? आमच्या गटातल्या मुलांमध्ये एक अकरा वर्षांची मुलगी आहे, सात-आठ वर्षांची दोन मुले आहेत आणि एक तीन वर्षांचा आहे.

पहिला विरोध वकिलाने केला. "मी स्पष्टच सांगतो, मुलं आली की बेत त्यांचा होतो. मला वर्षातून एखाददुसरी अशी रात्र मिळते आणि ती मला माझ्या चालीने चालायची असते. तुम्ही मुलांना खुशाल न्या, पण मग मला त्यात धरू नका." हे ऐकून दोघांतिघांना वाईट वाटले, मला मात्र ते प्रामाणिक वाटले. बहुतेक गटांत हीच गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. मग ती वाटेवर चालण्यातून दिसते. अर्धे लोक भराभर पुढे निघून जातात आणि मुलांचे आईबाप मागे एकटे पडतात. ते डोंगरात कळण्यापेक्षा कट्ट्यावर कळलेले कितीतरी बरे.

वकिलाला उत्तर दिले ते मास्तरच्या बायकोने. कॉलेजात ती आमच्याच गटात होती, आता सगळे तिला वहिनी म्हणतात. ती म्हणाली, "मुलं नकोत असं तुम्ही म्हणता, तेव्हा आम्हीही नको असाच त्याचा अर्थ होतो, हे तुमच्या लक्षात येतं का? तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर आपण सगळे बरोबरच गेलो होतो ना? मुलं झाली, तुमचे ट्रेक चालू राहिले आणि आमचे थांबले. मुलांना आजीकडे ठेवा, हे बोलायला सोपं आहे. आजीचंही वय झालंय. आणि माझ्या मुलीनं डोंगर आईबरोबर पाहावा, असं मला वाटतं." त्या संध्याकाळी मांडल्या गेलेल्या सगळ्या मुद्द्यांत मला हा सर्वांत वजनदार वाटतो. मुलांना न्यावे की नाही हा प्रश्न बापमाणसे आपल्या सोयीने सोडवत आली आहेत आणि त्याची किंमत दरवेळी त्यांच्या बायकांनी मोजली आहे. म्हणून 'मुले नकोत' हे उत्तर मी माझ्यापुरते तिथेच बाद केले. वकिलाची रात्रही खरी आहे, पण तिच्यासाठी वेगळा दिवस काढता येतो.

त्यानंतर गाडी थंडीवर आली, आणि नाशिकची माणसे थंडीवर बोलायला लागली की निफाड निघणारच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतो. निफाडला एवढा गारठा, तर नाशिकपेक्षा सुमारे हजार मीटर उंच असलेल्या १६४६ मीटरच्या शिखरावर काय होत असेल, असा एकाने प्रश्न केला. त्यात अर्धेच तथ्य आहे. उंचीबरोबर हवा साधारणपणे हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी थंड होते खरी. परंतु निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर निवते, थंड आणि जड हवा खोलगट भागात येऊन साचते आणि पहाटे नदीकाठच्या सखल गावातला पारा डोंगरमाथ्यापेक्षाही खाली गेलेला असू शकतो. माथ्यावर खरा त्रास वाऱ्याचा असतो. कळसूबाईचा माथा उघडा आहे, देवळाच्या भिंतीखेरीज तिथे आडोसा नाही, आणि घामाने भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला की पारा किती होता या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

आमच्यातली डॉक्टर बालरोगतज्ज्ञ आहे. ती तोवर ऐकून घेत होती. तिचा आक्षेप मुलांना नेण्यावर नव्हता, रात्री नेण्यावर होता. मुलांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते, त्यामुळे त्यांचे अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडते, आणि गारठलेले मूल रडेलच असेही नाही. "ते गप्प होतं," ती म्हणाली. "बडबड थांबते, पाय अडखळायला लागतात, आणि आपल्याला वाटतं झोप आली असेल. हाताची बोटं थोड्याशा गारव्यानंही गार लागतात, त्यावरून अंदाज येत नाही. कॉलरच्या आत मानेमागे किंवा पोटावर हात लावून बघायचा. तिथं गार लागलं तर चालणं थांबवायचं, आडोशाला बसवून ओलं काढायचं, कोरडं घालायचं, गरम काहीतरी पाजायचं आणि खाली वळायचं." अंगालगत सुती गंजीफ्रॉक नको, कारण घामाने भिजलेले सुती कापड लवकर वाळत नाही, शिवाय बदलायला एक कोरडा जोड आणि कानटोपी प्रत्येक मुलाच्या नावाने सॅकमध्ये हवी, हेही तिने मास्तरकडून कबूल करून घेतले.

रात्रीच्या चढाईत आणखी एक गोष्ट आहे आणि ती अनेकांच्या ध्यानात येत नाही. सूर्योदय गाठायला शनिवारी रात्री शेकडो माणसे एकाच वेळी कळसूबाई चढतात, आणि शिडीवरून एका वेळी थोडीच माणसे जाऊ शकत असल्यामुळे खाली रांग लागते. मूल तासभर चढून घामाघूम झालेले असते आणि तशाच ओल्या अंगाने त्याला पहाटेच्या वाऱ्यात ताटकळत उभे राहावे लागते. पाळी आली की ते बोटे आखडलेल्या हातांनी दवाने ओलसर झालेली गार शिडी धरते. लोकरीचे हातमोजे त्या लोखंडावर सटकतात म्हणून ते काढायला लावावे लागतात, आणि वरून उतरणारा कोणी घाई करत असतो. हे चित्र एकदा नीट डोळ्यांसमोर आणल्यावर मास्तरनेही रात्रीचा हट्ट सोडला.

तरीही त्याने एक बाजू लावून धरली. बारीतली मुले याच डोंगरावर रोज वरखाली करतात, सरबताच्या दुकानांवर घरच्यांना मदत करतात, मग आपली मुले एवढी नाजूक का समजायची? यावर मी त्याच्याशी बराच वेळ भांडलो. ती मुले त्या वाटेवर वाढली आहेत. कुठल्या उतारावर घसारा आहे, कुठला दगड हलतो, ऊन कुठे आधी येते, हे त्यांना पायाखालून ठाऊक असते आणि दमली की ती घरी जाऊ शकतात. आपली मुले चौथ्या मजल्यावरून लिफ्टने उतरतात, गाडीत झोपतात आणि डोळे उघडतात तेव्हा समोर सुमारे आठशे मीटरची चढाई असते. मुले काटक व्हावीत हे मलाही वाटते, पण काटकपणा सवयीने येतो. म्हणून आधीच्या रविवारी सगळ्यांनी रामशेज किल्ल्यावर जायचे असे ठरले. नाशिकजवळच आशेवाडीतून तासाभरात चढून जाता येते, वर मुलांना सांगायला १६८२ पासूनच्या मोगली वेढ्याची गोष्ट आहे, आणि कोणाचे बूट चावतात, कोण पाणी प्यायला विसरते, कोणाला उतरताना भीती वाटते, हे त्या एका सकाळी कळून जाते. कोणीतरी हरिहर किल्ल्याचे नाव काढले. त्या उभ्या कोरीव पायऱ्यांवर सुट्टीच्या गर्दीत लहान मुले नेण्याचा विचारही कोणी करू नये असे मला वाटते, आणि त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

मला सर्वांत जास्त बोलायचे होते ते मित्रांच्या गटाबद्दल. एकटे आईबाप मुलाला डोंगरावर नेतात तेव्हा त्यांची नजर त्याच्यावरून हलत नाही. आठ मोठी माणसे आणि चार मुले असली की प्रत्येकाला वाटते, दुसरे कोणीतरी बघतेच आहे. गप्पा रंगतात, फोटो निघतात आणि मूल वळणापलीकडे गेलेले असते. दुसरी गोष्ट याहून वाईट. मूल दमलेले असते, त्याच्या आईला ते दिसत असते, पण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको म्हणून ती बोलत नाही. उलट आपण सगळे मिळून मुलाला 'आलंच आता, दहाच मिनिटं' असे प्रत्येक वळणावर सांगत राहतो. तिसऱ्या वळणानंतर त्याचा आपल्या शब्दावरचा विश्वास उडतो. म्हणून मागे फिरण्याचा निर्णय वर जाऊन चर्चेने घ्यायचा नसतो, तो घरून निघण्यापूर्वीच कोणाच्या तरी हाती दिलेला असावा लागतो. प्रत्येक मुलामागे एक मोठे माणूस नेमायचे, शक्यतो त्याचे आईबाप सोडून दुसरे, कारण दुसऱ्याच्या मुलाला आपण नाहक ताणत नाही. त्या माणसाने 'आता पुरे' म्हटले की कोणी कारण विचारायचे नाही. तो मुलाला घेऊन वळेल आणि सोबतीला आणखी एक मोठे माणूस उतरेल. शिखर राहिले तर राहिले. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी या खेपेस येऊ नये, असे मी म्हणालो आणि आजही माझे तेच म्हणणे आहे.

वकिलाला हे पटले, म्हणूनच त्याने आपण येत नसल्याचे कोणताही राग न धरता पुन्हा सांगितले. तो आणि आणखी दोघे आदल्या रात्री चढून सूर्योदय पाहतील. उतरताना वाटेत भेट होईल तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीला मी पुन्हा वर नेईन, लहान मुलांमुळे तिचे शिखर हुकायला नको, असेही तो म्हणाला. डॉक्टरने ते मोडून काढले. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हाती मूल द्यायचे नाही. त्या मुलीबरोबर आता डॉक्टर स्वतः चालणार आहे.

बाकीचा बेत असा ठरला की नाताळच्या सुट्टीतला गर्दी नसलेला एखादा वार निवडायचा, ३१ डिसेंबरच्या जवळपासही जायचे नाही आणि उजाडल्यावर बारीतून निघायचे. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे उजेड जेमतेम अकरा तास मिळतो. मुलांना उतरायलाही वेळ लागतो, म्हणून साडेबारा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचे. चढताना दर थोड्या वेळाने गूळ-शेंगदाणे नाहीतर राजगिऱ्याचा लाडू आणि पाणी द्यायचे, कारण थंडीत तहान कळत नाही. दुपारी गावात पिठले-भाकरी सांगून ठेवायची. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, तेव्हा शेकोटी, धूर आणि अत्तरे पूर्ण बंद.

तीन वर्षांच्या मुलाचा प्रश्न राहिला. त्याच्या वडिलांना तो पाठीवरच्या झोळीत बसवून माथ्यापर्यंत न्यायचा आहे. डॉक्टरचे म्हणणे असे की वाहणाऱ्याला घाम फुटत असतो म्हणून त्याला थंडी कळत नाही, मूल मात्र हालचाल न करता बसलेले असते, त्याचे लोंबते पाय गारठतात, आणि शिडीवर पाठीवरचे वजन माणसाला मागे ओढते. गावाच्या वर पायथ्याशी देऊळ आहे, तिथवर तो स्वतःच्या पायांनी चालेल आणि त्याची आई किंवा वडील त्याच्याबरोबर थांबतील, ही तिची सूचना. वडिलांना ती अजून मान्य नाही. रामशेजवर त्याला पाठीवर घेऊन चढून बघतो आणि मग बोलू, असे ते म्हणाले. शिड्यांचा टप्पा सोडून बाकी सगळ्यावर बोलायला डॉक्टर तयार आहे.